बिनवासाची फरशी

एकोणीस वर्षं मी एम-एटीवर फिनेल विकलं.
पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौकामागच्या गल्ल्या.
मागे दोन कॅन, हँडलला बाटल्यांची पिशवी,
बाटल्या बारमधून आणलेल्या, लेबलं खरवडलेली,
आणि गळ्यात एकच ओळ : फिनेऽऽल, ॲसिऽऽड.
बायका आवाजाआधी वासानेच बाहेर यायच्या.
म्हणायच्या, भाऊ, मागच्या खेपेचं पातळ होतं.
मी पुढच्या खेपेला अर्क वाढवायचो.

मिसळायचो घरातच. मोरीत, दार लावून,
निळ्या पिंपात, लाकडी दांड्याने.
पाणी ओतलं की पिंपात दूध व्हायचं.
सोनल चार वर्षांची असताना एकदा कप घेऊन आली.
तेव्हापासून दाराला आतून कडी,
आणि कडीच्या आत आम्ही दोघं.
कुमुद बाटल्या भरायची, बुचं लावायची, खोकायची.
आम्ही म्हणायचो, धूळ.

डॉक्टर बोरस्त्यांनी तिला नळीत फुंकायला लावलं,
आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.
घरात काय वापरता?
मी म्हणालो, घरचंच.

आता घरचंच वापरतो.

पिंपळगावचा मेहुणा द्राक्षं पाठवतो,
परदेशच्या पेटीत न बसलेली, एका अंगाने तडकलेली.
ती बरणीत, तोंडाला धोतराचं फडकं.
पहिला पंधरवडा घराला गुत्त्याचा वास आला,
खैरनार दोनदा डोकावून गेले, काही बोलले नाहीत.
मग चिलटं आली. मग आंबट झालं,
इतकं की झाकण काढताना डोळे मिटावे लागतात.
त्यात पिळलेल्या लिंबांची सालं.

बोअरच्या पाण्याने नळावर खाराची पुटं चढलेली.
त्या आंबोणीत फडकं बुडवून
रात्री नळाला गुंडाळतो,
दुखऱ्या बोटाला चिंधी बांधावी तसं.
सकाळी सोडतो. नळ निघतो.
भांडी बाजारातून लग्नात आलेला हंडा चिंच-मिठाने घासतो,
अंगठा फिरला तिथे आधी उजेड पडतो,
बाकीचा हंडा रुसून बसतो दुपारपर्यंत.
रिठ्याला फेस येतो, पण त्याच्या मर्जीने.

खोटं कशाला बोलू.
तेलकट ओटा तीनदा पुसावा लागतो.
संडासाच्या भांड्यातला पिवळा डाग
सहा आठवडे झाले, आहे तिथेच आहे.
ॲसिडने दोन मिनिटांत गेला असता.
मला माहीत आहे किती मिनिटांत, मी विकलंय.
हे माझं पाणी काही मारत नाही,
नुसतं सुटं करतं,
पुढचं माझ्या गुडघ्यांवर आणि उन्हावर.

परवा बाजारात पाटोळेबाई भेटल्या,
जुनं गिऱ्हाईक, गल्लीतलं शेवटचं निळं दार.
बंद केलं का हो भाऊ?
तुमच्यासारखा वास कुणाच्या मालाला नाही.
आणि पदर तोंडाशी नेऊन खोकल्या,
थोडंसंच, बोलता बोलता.
मी मुळ्याची जुडी उलटीसुलटी करत राहिलो.
किती दारं होती त्या गल्लीला?
डावीकडे बावीस.
उजवीकडची मोजायला लागलो
आणि भाजीवाली म्हणाली, घ्यायचीय का ठेवताय?
घेतली. आम्ही दोघंही मुळा खात नाही.

घरी येऊन फरशी पुसली.
कोपऱ्यापासून दारापर्यंत, उलट चालत,
जसं कुमुद पुसायची तसं.
ती आतून आली, उंबऱ्यावर थांबली,
नाक वर करून हवा चाचपली.
पुसली का हो?
पुसली.
कळत नाही काहीच.

मग चपला काढून
तिने एक पाऊल ओल्या फरशीवर टेकवून बघितलं.